वाचकांचे प्रश्न : ग्रानादात आईंना घेऊन दोन दिवस

प्रश्न : ताई, नमस्कार. ऑक्टोबरात मी आणि सासूबाई (वय 74) मुलाकडे माद्रिदला जातोय. तिथून ग्रानादासाठी दोन दिवस काढता येतील. आईंचे गुडघे दुखतात, आम्ही दोघी शाकाहारी. काय पाहावं, काय सोडावं? आईंचा जन्म ग्वाल्हेर गायकी ऐकण्यात गेला. त्यांना फ्लामेंको, म्हणजे तिथलं गाणं-नाच, आवडेल का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : मी पहिल्यांदा गेले ती सहल कंपनीबरोबर. दोन तासांत अल्हाम्ब्रा, म्हणजे टेकडीवरचा सुलतानांचा किल्ला आणि महाल, उरकला. सिंहांच्या चौकात जरा टेकते न टेकते तोच गाइडनं छत्री हलवून बोलावलं. ती रुखरुख इतकी राहिली की तीन वर्षांनी पुन्हा गेले, एकटी. म्हणून सांगते, दोनातला एक अख्खा दिवस अल्हाम्ब्रालाच द्या.

आणि निघण्याआधी एका सकाळी आईंना उरवाई गेटनं गाडीतून किल्ल्यावर नेऊन मानमंदिर महाल दाखवा. आपण ते लहानपणापासून बघतो, म्हणून बघतच नाही. निळ्या फरशांमधली बदकांची रांग, केळीची झाडं, हत्ती नीट पाहून घ्या. तो बांधणारा राजा मानसिंह तोमर 1486 साली गादीवर आला. 2 जानेवारी 1492 ला ग्रानादाच्या शेवटच्या सुलतानानं, बोआब्दिलनं, शहर स्पेनची राणी इसाबेला आणि राजा फर्नांदोच्या हवाली केलं. म्हणजे आपल्याकडे त्याच सुमाराला मानसिंहाचं राज्य चालू होतं. अल्हाम्ब्राच्या फरशांत मात्र पशुपक्षी नाहीत. प्रत्येक रंगाची फरशी वेगळी भाजून, तिचे तुकडे हातानं तासून एकमेकांत बसवलेत. एका चांदणीचं टोक दुसरीच्या कुशीत शिरतं आणि नजर कुठे थांबवावी ते कळत नाही. मी एका भिंतीपुढे वीस मिनिटं उभी होते.

तिकिटं मुलाला आत्ताच काढायला सांगा. नासरी महालांच्या, म्हणजे सुलतानांच्या राजवाड्यांच्या, प्रवेशाची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली की आत सोडत नाहीत. पासपोर्ट जवळ ठेवा. गावातून सी-30 ही लहान बस वर जाते, आईंना चढ चढावा लागणार नाही. आल्काथाबाचे, म्हणजे आतल्या जुन्या किल्ल्याचे, बुरूज त्यांच्यासाठी सोडा. सिंहांच्या चौकात मात्र निवांत थांबा : पांढऱ्या संगमरवराचे 12 सिंह, 124 खांब आणि मधल्या कारंज्याकडून चारी बाजूंना गेलेल्या पाण्याच्या चिंचोळ्या पन्हळी. हे पाणी दार्रो नदीवरून सुमारे 6 किलोमीटरच्या पाटानं टेकडीवर आणलं होतं. गर्दी जरा ओसरली की ते ऐकू येतं. तेवढ्यासाठी थांबाच.

दुसऱ्या दिवशी कापिया रेआल, इसाबेला-फर्नांदोची समाधी. अर्धा तास पुरे. संध्याकाळी सान निकोलासचा चौक : समोर अल्हाम्ब्रा लालसर होत जातो, मागे सिएरा नेवादा. हा चौक आल्बाइसीन या जुन्या वस्तीत आहे. तिथल्या गल्ल्या गोट्यांनी बांधलेल्या आहेत, तेव्हा आईंना बसनंच वर न्या आणि बूट जाड तळव्याचे घाला.

खाण्याचं सांगते. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर ताटात हॅम किंवा ट्यूना येऊ शकतो. 'सिन कार्ने नी पेस्कादो' म्हणा, मांसही नको, मासाही नको. तळलेली वांगी 'मिएल दे कान्या' घालून देतात ती जरूर मागवा. ही मिएल म्हणजे आपली काकवी! वांग्याचे कुरकुरीत काप आणि वर काकवीची धार, आईंना नक्की आवडेल.

आता फ्लामेंको. मी तीस वर्षं गाणं शिकवते, तरी साक्रोमोन्ते टेकडीवर फ्लामेंकोचे कार्यक्रम होतात त्या गुहेत पहिली दहा मिनिटं माझा हिशेब लागेना. 'सोलेआ' या फ्लामेंकोच्या प्रकाराचं आवर्तन 12 मात्रांचं, पण वजन पडतं 3, 6, 8, 10 आणि 12 वर, आणि तुकडा बहुतेकदा दहाव्या मात्रेवर तुटतो. एकतालाची सवय असलेला कान पहिल्या मात्रेवर सम शोधत राहतो. हे आईंना आधी सांगून ठेवा, मग त्या बोटांवर मोजतील आणि रमतील. गाणारे बहुतेक हितानो, म्हणजे स्पेनमधले जिप्सी. त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी आपल्याकडूनच गेले. त्यांच्या कालो बोलीत पाण्याला 'पान्यी' म्हणतात. गुहा अरुंद, खुर्च्या भिंतीला लावलेल्या, आणि टाचांचा आवाज फार घुमतो. लवकर जाऊन आईंसाठी दाराजवळची खुर्ची धरा.