भीती वाटते, म्हणजे श्रद्धा कमी पडली का?

प्रश्न : माझे वय 61 आहे. आठ महिन्यांपूर्वी यजमानांचे निधन झाले. मुलगा नोकरीनिमित्त परगावी असतो आणि मी गावातल्या जुन्या घरात एकटीच राहते. दिवस कामात निघून जातो, पण दिवेलागण झाली की छातीत धडधडू लागते. कौलांवरून मांजर गेले तरी दचकून जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणण्याचा लहानपणापासूनचा नेम अजून मोडलेला नाही, परंतु हल्ली ओठ म्हणत असतात आणि कान दाराच्या कडीकडे असतात. एका परिचितांनी, “देवावर खरी श्रद्धा असती तर भीती वाटलीच नसती,” असे म्हटले. माझी इतक्या वर्षांची भक्ती वरवरचीच होती का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी त्या परिचितांच्या वाक्याविषयी लिहितो, कारण रात्रीच्या अंधाराहून त्या वाक्यानेच आपल्याला अधिक एकटे पाडले आहे, असे पत्र वाचताना जाणवले. ते वाक्य मला मुळीच मान्य नाही. भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुन थरथर कापतो आणि ‘भयेन च प्रव्यथितं मनो मे’, म्हणजे भयाने माझे मन व्याकूळ झाले आहे, असे स्वतःच्या तोंडाने सांगतो. ज्याच्या रथाचे सारथ्य साक्षात भगवंत करीत होते, त्यालाही त्यांच्यासमोर उभे असताना भीती वाटली. श्रीकृष्णांनी त्याला श्रद्धेचा हिशेब विचारला नाही. ते पुन्हा सौम्य रूपात आले आणि, संजयाच्या शब्दांत, ‘आश्वासयामास च भीतमेनम्’, त्या भ्यालेल्याला त्यांनी धीर दिला. आपण भीत भीत का होईना, रोज संध्याकाळी रामाला हाक मारता. जिथे विश्वास नसतो तिथे माणूस हाक मारीत नाही.

आता रामरक्षेकडे वळू, कारण आपल्याला हवा असलेला आधार आपल्या नेमातच आहे. अडतीस श्लोकांचे हे स्तोत्र पाठ असल्यामुळे भरभर म्हटले जाते आणि त्यातले कवच, म्हणजे एकेका अवयवाच्या रक्षणाची प्रार्थना, निसटून जाते. ‘शिरो मे राघवः पातु’ या चरणापासून हे कवच सुरू होते आणि मस्तक, कपाळ, डोळे, कान असे एकेक अवयव रामाच्या स्वाधीन करीत पावलांपर्यंत उतरते. प्रत्येक अवयवापाशी रामाचे निराळे नाव आहे, आणि ती नावे ओळीने पाहिली तर बहुतेक सारे रामायणच डोक्यापासून पायांपर्यंत उतरत आलेले दिसते. डोळ्यांपाशी तो कौसल्येचा पुत्र आहे, कानांपाशी विश्वामित्रांचा लाडका, हातांपाशी सीतेचा पती, गुडघ्यांपाशी सेतू बांधणारा आणि पावलांपाशी बिभीषणाला वैभव देणारा. आज रात्री अंथरुणावर पडल्यावर एवढाच भाग सावकाश म्हणा. ज्या अवयवाचे नाव येईल तिथे हात ठेवा, निदान मन तरी न्या. ‘हृदयं जामदग्न्यजित्’, म्हणजे परशुरामांना जिंकणारा राम हृदयाचे रक्षण करो, हे येईल तेव्हा धडधडणाऱ्या छातीवर हात ठेवून थोडे थांबा. कान पुन्हा कडीकडे गेले तर स्वतःला बोल लावू नका. ‘विश्वामित्रप्रियः श्रुती’ या शब्दांनी ते कानही आपण त्याच्याच हवाली केलेले आहेत.

फलश्रुतीतील, म्हणजे पाठाचे फळ सांगणाऱ्या श्लोकांतील, आश्वासने मात्र सौद्यासारखी घेऊ नयेत, असे माझे मत आहे. पाठ केला म्हणजे संकट फिरकणारच नाही, असा अर्थ घेतला तर यजमानांच्या मृत्यूनंतर मनात जे प्रश्न उठतात त्यांना उत्तर उरत नाही. त्याच स्तोत्रात पुढे धनुष्य सज्ज केलेल्या राम-लक्ष्मणांना ‘अग्रतः पथि सदैव गच्छताम्’ अशी विनवणी आहे. माझ्या रक्षणासाठी त्यांनी वाटेवर सदैव माझ्यापुढे चालावे, एवढेच मागणे आहे. वाटच नको, असे तिथे म्हटलेले नाही. तुकोबांनीही ‘जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती’ असेच म्हटले आहे.

आणखी एक गोष्ट कवचातच सुचवलेली आहे. रामाची यांतली बरीच नावे आई, गुरू, पत्नी, भाऊ, सुग्रीव, हनुमंत, जांबवंत अशा त्याच्या माणसांवरून घेतलेली आहेत. ज्याला आपण रक्षणासाठी बोलावतो तोही एकटा येत नाही. तेव्हा शेजारच्या घरातील एखाद्या मुलीला काही दिवस रात्री सोबतीला बोलवा, मुलाला झोपण्यापूर्वी रोज फोन करायला सांगा, आणि दाराची कडी सैल असेल तर सुताराकडून बदलून घ्या. यात श्रद्धेला कसलाही कमीपणा नाही. धडधड आणि निद्रानाश टिकून राहिला असेल तर डॉक्टरांनाही अवश्य दाखवा, आणि यजमान गेल्याचे त्यांना सांगा. दुःखाचा शरीरावर परिणाम होतोच आणि त्यावर उपचारही असतात.

कवच म्हणता म्हणता मध्येच डोळा लागला तर अपुरे राहिले म्हणून उठून बसू नका. हे स्तोत्र भगवान शंकरांनी बुधकौशिक ऋषींना स्वप्नात सांगितले आणि त्यांनी ते सकाळी उठल्यावर लिहिले, असे रामरक्षेतच म्हटलेले आहे. आपलेही उरलेले श्लोक सकाळी म्हणता येतील.