परदेशात एकट्याने सायकल चालवताना एक दिवस नेमका कसा जातो? भाषा येत नसल्यास अडते का?

भाषेमुळे माझे फारसे अडले नाही, वेळेच्या हिशेबामुळे मात्र अडले. जपानमधील ओनोमिची ते इमाबारी हा सुमारे ७० किलोमीटरचा शिमानामी काइदो मार्ग मी नोव्हेंबरच्या मध्यात एका दिवसात एकटीने पार केला. त्या दिवसाविषयीच लिहिते.

ओनोमिचीहून फेरीबोटीने जेमतेम पाच मिनिटांत मुकाइशिमा बेटावर उतरले की रस्त्याच्या कडेला आखलेली निळी रेघ सुरू होते आणि ती सहा बेटांवरून, इमाबारी ज्यावर आहे त्या शिकोकू या मोठ्या बेटापर्यंत सोबत करते. जपानमध्ये वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे युरोपात पहिले दोन दिवस होणारी धांदल येथे होत नाही. खालून जहाजे जावीत म्हणून पूल उंचावर बांधलेले आहेत आणि प्रत्येक पुलावर चढण्यासाठी झाडीतून वळणे घेत जाणारा, केवळ तीनेक टक्के चढाचा रस्ता आहे. पुण्यात कात्रजचा घाट चढलेल्या माणसाला तो चढ वाटणारही नाही; मात्र दिवसातून सहा वेळा चढायचे असते, हे पाय विसरत नाहीत.

खाण्यापिण्याची काळजी मी शाकाहारी असल्याने होती. भाताच्या त्रिकोणी मुटक्यांत, म्हणजे ओनिगिरीत, बहुधा मासळीच असते. आदल्या रात्री मी उमेबोशी, म्हणजे खारवलेल्या आंबट उमे फळाचे चिन्ह कागदावर उतरवून घेतले होते. दुकानातील आजींनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला, चष्मा वर करून वाचला आणि कपाटातील नेमके दोन मुटके काढून दिले. एवढ्या व्यवहारात आम्ही दोघी एकमेकींशी आपापल्या भाषेत बरेच काही बोललो.

तातारा पुलापाशी मी रमले. १९९९ मध्ये खुला झालेल्या या पुलाचा मधला गाळा ८९० मीटरचा असून केबलवर तोललेल्या पुलांमध्ये तो तेव्हा जगात सर्वांत लांब होता. परंतु मला थांबवले ते त्याच्या मनोऱ्याने. मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहून टाळी वाजवली की तो आवाज दोन भिंतींमध्ये आपटत आपटत थरथरत वर चढत जातो. आसपास कोणी नसल्याने मी दहा-बारा टाळ्या वाजवल्या असतील. त्याआधी इकुचिजिमावर लिंबांच्या बागांपाशीही मी असाच मनसोक्त वेळ घालवला होता. सोबत कोणी असते, तर ‘चला आता’ म्हणाले असते.

चूक तेथेच झाली. पुण्यात नोव्हेंबरात सहापर्यंत उजेड असतो, हे डोक्यात इतके पक्के बसले होते की येथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, हे वाचूनही मी मनावर घेतले नाही. चार वाजता मी हाकाताजिमावर होते. पुढे ओशिमा बेटावरील दोन चढ आणि त्यानंतर सुमारे चार किलोमीटरचा कुरुशिमा पूल बाकी होता. सायकलीला दिवा होता, म्हणून निभावले. कुरुशिमाची सामुद्रधुनी तिच्या वेगवान प्रवाहांसाठी ओळखली जाते. दिवसा ते भोवरे पुलावरून पाहता येतात, मला अंधारात दिसले ते केवळ जहाजांचे सरकणारे दिवे, आणि बाजूचा वारा इतका होता की मी अर्धा पूल सायकल हातात धरून चालत पार केला.

आपण जाणार असाल, तर पहाटे निघा किंवा इकुचिजिमावरील सेतोदा येथे एक मुक्काम ठेवा. मुक्कामाचे ठिकाण मात्र आधी ठरवून ठेवा, कारण मी ते ठरवले नव्हते आणि म्हणूनच अंधारात पुढे जाण्यावाचून मला पर्याय उरला नव्हता.