विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि हवेतले बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचा, मग बीएसएल-४ प्रयोगशाळेत, म्हणजे सर्वात घातक जंतूंसाठीच्या सर्वाधिक सुरक्षेच्या प्रयोगशाळेत, विषाणू अडतो कसा?
अडतो, कारण हेपा फिल्टर चाळणीसारखा काम करत नाही. ०.३ मायक्रॉन हे छिद्राचे माप नव्हे; साधारण त्या आकाराचे कण पकडायला सर्वात अवघड, आणि तिथेही किमान ९९.९७ टक्के अडलेच पाहिजेत असा निकष आहे. त्याहून बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि फिल्टरच्या तंतूंना चिकटतात. शिवाय पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्यासारख्या बीएसएल-४ प्रयोगशाळेत आतला दाब कमी ठेवतात, म्हणजे फट राहिली तरी हवा आतच ओढली जाते. मात्र फिल्टर नीट बसवलेला आणि नियमित तपासलेला हवाच. बंदोबस्तात कसूर झाली की काय होते ते १९७९ मध्ये सोव्हिएत संघातल्या स्वेर्दलोव्स्क शहरात दिसले: लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जिवाणूंचे बीजाणू हवेत सुटले, किमान ६४ माणसे दगावली.