जीटी विकण्याआधी

प्रिय बाळा,

गाडी विकताना, तिच्यावर हौसेनं चढवलेल्या मालावर (स्प्रिंगा, सायलेन्सर, ट्यूनिंग) घातलेले पैसे किमतीत जोडतो म्हणतोस. जुडणार नाहीत, हे आधीच सांगून टाकतो.

तुझी २०१४ ची पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, सात गिअरची ऑटोमॅटिक. कागदावर हॅचबॅक, पण आर्णीपासून दारव्ह्यापर्यंत पोट्टे तिला स्पोर्ट्स कारच म्हणतात. म्हणोत बापडे. पण आपल्याकडचं गिऱ्हाईक बॉनेट उघडायच्या आधी विचारतं, "अ‍ॅव्हरेज किती देते?" आणि मग, "खाली घासत तं नाही?" तू तर स्प्रिंगा बदलून ती आणखी खाली बसवलीस. पांदणीच्या गावात, बाप्पा! पुढच्या बंपरखाली एकदा हात फिरव, बोटांना सगळं कळेल.

जुन्या स्प्रिंगा तुमच्या गोठ्यात पोत्यात पडल्यात. त्या परत चढव, मूळ सायलेन्सरही लाव. उतरवलेला माल नागपूर-पुण्याच्या हौशी पोरांना वेगळा विक, तिथे त्याला भाव आहे. ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, ट्यूनिंगही मूळ सेटिंगवर आण, पण केलं होतं हे गिऱ्हाइकाला सांग. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. ते झेंगट नव्या मालकाच्या गळ्यात कशाला?

दुरुस्तीचं मात्र वेगळं आहे. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), व्हील बेअरिंग, एसीचा कंडेन्सर, हे बदलल्याचं बिल दाखवलंस की माणूस घासाघीस कमी करतो. पण ती बिलं तू डॅशबोर्डच्या खणात ठेवतोस. मशीनमधून निघणारा तो गुळगुळीत कागद आपल्या मे महिन्यात काळा पडतो. माझी अशी तीन बिलं गेली. आजच झेरॉक्स काढ. काढलेले लोअर आर्मही भंगारात देऊ नकोस. त्यांचं फाटलेलं रबर डोळ्यांनी पाहिलं की वेगळं बोलावं लागत नाही.

मी एकदा हेड गॅस्केटचा (इंजिनच्या वरच्या झाकणाखालच्या सीलचा) दोष लपवून गाडी विकली होती. डिसेंबरात व्यवहार झाला, कूलंट भरून दिलं, थंडीत काहीच कळलं नाही. मे महिन्यात बाभूळगावजवळ ती उकळली. माणूस भांडायला आला नाही. पण त्याचे दोन्ही भाऊ, साळा, त्यांच्यापैकी कुणी पुन्हा माझ्याकडे गाडी पाहायला फिरकलं नाही.

दिवाळी ते संक्रांत, कापूस विकल्यावर हातात पैसा असतो, तेव्हा काढ. इंजिन थंड असतानाच दाखव. आधी तापवून ठेवलंस की जाणता माणूस बॉनेटला हात लावूनच ओळखतो. समृद्धीवर पळवून पाहू म्हणाला तर टायरच्या कडा आधी तपास, आणि १२० च्या वर जाऊ देऊ नकोस.

मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय चावी द्यायची नाही. चौदा दिवसांत आरटीओला कळवणं तुझं काम. नाव बदलेपर्यंत अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालात आलंय. विम्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याची सूट) गाडीसोबत जात नाही, तो तुझा. कंपनीकडून लिहून घे.

रविवारी ये. पोतं आण, स्प्रिंग कॉम्प्रेसर माझ्याकडे आहे.

तुझा,
काका