ऑलिम्पिक सुवर्णपदक नसलेल्या धावपटूच्या नावाने ब्रसेल्समध्ये दरवर्षी एवढी मोठी स्पर्धा का भरवतात? ती मुद्दाम जाऊन पाहण्यासारखी आहे का?

‘मेमोरियल व्हॅन डॅम’ ही ॲथलेटिक्स स्पर्धा पाहण्यासारखी आहे; २०२४ साली मी स्वतः प्रेक्षकांत होतो. पण मला उत्तर लिहायला बसवले ते आपल्या पहिल्या प्रश्नाने, कारण ‘सुवर्णपदक नसलेल्या’ हा आक्षेप मी आमच्या तालुक्याच्या गावी, एका क्रीडा मंडळाच्या बैठकीत, तोंडावर ऐकलेला आहे.

बेल्जियमचा ईवो व्हॅन डॅम १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये धावला तेव्हा बावीस वर्षांचा होता. ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत क्यूबाच्या अल्बेर्तो हुआंतोरेनाने १ मिनिट ४३.५० सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि व्हॅन डॅम १ मिनिट ४३.८६ सेकंदांत दुसरा आला. १५०० मीटरमध्ये न्यूझीलंडच्या जॉन वॉकरच्या मागे, एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने, तो पुन्हा दुसरा आला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला फ्रान्समध्ये मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी बेल्जियमच्या क्रीडापत्रकारांनी त्याच्या नावाने ही स्पर्धा सुरू केली. त्यांना पदकाच्या रंगाची अडचण वाटली नाही.

आमच्या मंडळाला मात्र वाटली. पहाटे माझ्याबरोबर धावणारा एक मित्र विद्यापीठाच्या स्पर्धांत १५०० मीटरला नेहमी दुसरा येत असे. गळीत हंगामात रात्रीच्या वेळी, मागे लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली आणि तो गेला. पुढे मंडळाने वार्षिक दौड सुरू करायचे ठरवले तेव्हा तिला त्याचे नाव द्यावे असे मी सुचवले. त्यावर अध्यक्ष म्हणाले, “पहिला आला असता तर विचार केला असता. दुसऱ्याचे स्मारक केले तर पोरे दुसरेच यायला शिकतील.” बैठक हसली आणि दौडीला ढाल देणाऱ्या देणगीदाराच्या वडिलांचे नाव एकमताने मंजूर झाले, ते गृहस्थ उभ्या आयुष्यात एसटी पकडण्यासाठी तरी धावले असतील की नाही, याची मला शंका आहे. पहिल्याच वर्षी प्रमुख पाहुणे येईपर्यंत मुले अंग गरम करून उन्हात ताटकळली, भाषणे झाली, आणि जिंकणाऱ्या मुलाची वेळ कोणीही नोंदवली नाही.

माझ्या मते स्मृतिस्पर्धेचे सगळे मर्म त्या वेळ नोंदवण्यात आहे. ब्रसेल्सचे आयोजक उत्तम प्रतिस्पर्धी एकत्र आणतात, लांब शर्यतींत ठरलेल्या गतीने पुढे धावणारे पेसमेकर ठेवतात, आणि मग त्या ट्रॅकवर काही तरी घडते. १९८१ मध्ये ब्रिटनच्या सेबॅस्टियन को याने तेथे एक मैल ३ मिनिटे ४७.३३ सेकंदांत पार करून विश्वविक्रम केला. २००४ मध्ये सैफ सईद शाहीनने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीत, ७ मिनिटे ५३.६३ सेकंदांचा विक्रम केला, तो २०२३ पर्यंत टिकला. २००५ मध्ये केनेनिसा बेकेलेने १०,००० मीटरसाठी २६ मिनिटे १७.५३ सेकंद एवढाच वेळ घेतला. याच स्टीपलचेस प्रकारात २०२४ साली ब्रसेल्सला डायमंड लीगच्या (अव्वल ॲथलेटिक्स स्पर्धांच्या वार्षिक मालिकेच्या) अंतिम फेरीसाठी आपला बीडचा अविनाश साबळे उतरला होता. तो नववा आला, तरी त्या रांगेत उभे राहण्याची पात्रता त्याने वर्षभराच्या गुणांवर मिळवली होती. त्याच स्पर्धेत नीरज चोप्राचा ८७.८६ मीटरचा भाला अँडरसन पीटर्सच्या मागे अवघा एक सेंटिमीटर राहिला. आमच्या अध्यक्षांच्या हिशेबाने नीरजचीही त्या दिवशी दखल घ्यायला नको, आणि हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलेल्या खाशाबा जाधवांच्या जयंतीला, म्हणजे १५ जानेवारीला, महाराष्ट्राने राज्य क्रीडा दिन पाळणे तर सर्वस्वी चूक ठरेल.

आपल्या गावी कोणाच्या स्मरणार्थ शर्यत भरवण्याचा विचार असेल, तर अंतर अचूक मोजून घ्यावे, वेळ लिहून ठेवावी, शर्यत पाहुण्यांसाठी थांबवू नये आणि ज्याच्या नावाने ती भरते त्याची उत्तम वेळ फलकावर लावावी, म्हणजे मुलांना गाठायला काही तरी राहील.

दोन गोष्टी मात्र नमूद केल्या पाहिजेत. मॉन्ट्रियलवर बहुतेक आफ्रिकी देशांनी बहिष्कार घातला होता. केनियाचा माइक बोइट आणि टांझानियाचा फिल्बर्ट बायी धावले असते तर व्हॅन डॅमचे क्रमांक काय असते, हे सांगता येत नाही. दुसरे असे की, ब्रसेल्सलाही पैसा लागतोच आणि अलीकडे या स्पर्धेच्या नावाआधी अलियान्झ या विमा कंपनीचे नाव लागते. पण त्यासाठी व्हॅन डॅमचे नाव कोणी काढून टाकलेले नाही. आमच्या दौडीच्या नावाआधीही देणगीदारांचे नाव असेच जोडता आले असते. ती सूचना मी त्याच बैठकीत केली होती. इतिवृत्तात तिची नोंद नाही.