'मालगुडी डेज'चा कॅमेरा कोणाचा होता?

तुम्ही विचारलंय की दूरदर्शनवरची 'मालगुडी डेज' ही मालिका म्हटलं की दिग्दर्शक शंकर नाग आठवतात, आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं आठवतात, एल. वैद्यनाथन यांची ती धून तर झोपेतही गुणगुणता येते, मग कॅमेरामन कोण होता?

एस. रामचंद्र. कन्नड सिनेमातले. २०११ च्या जानेवारीत ते गेले.

मालिकेचं बरंचसं शूटिंग शिमोगा जिल्ह्यातल्या आगुंबेला झालं. घाटमाथ्यावरचं गाव, पाऊस आपल्या आंबोलीसारखा मुक्कामाला येणारा. कौलारू घरं, ओले अंगण, खांबांच्या ओसऱ्या. आपल्याला ते कथेतलं मालगुडी गाव परकं वाटलं नाही, त्याचं अर्धं श्रेय मी या माणसाला देतो.

पण तुम्हाला खरंच त्यांचं काम बघायचं असेल तर मागे जा, १९७७ च्या कृष्णधवल 'घटश्राद्ध'कडे. दिग्दर्शक गिरीश कासरवल्ली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून गेलेले, त्यांचा हा पहिलाच मोठा चित्रपट आणि थेट सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. कथा यू. आर. अनंतमूर्तींची. वेदपाठशाळेत आलेला लहानगा नाणी आणि तिथल्या गुरुजींची तरुण विधवा मुलगी यमुना. ती गरोदर राहते, आणि बाप जिवंत मुलीचं श्राद्ध घालून तिला वाळीत टाकतो. (आपला 'घटस्फोट' हा शब्दही मूळचा बहिष्काराच्या विधीतलाच, तिथेही घटच फोडायचा. आपण तो कोर्टात नेला.)

आता हे कृष्णधवल चित्रीकरण किती अवघड, ते मला एकदा स्वतःच्या फजितीतून कळलं. मी लग्नं शूट करतो. देवरुखकडे एका जुन्या घरात मुंज होती. चौकात लख्ख ऊन, माजघरात काळोख, आणि मधल्या उंबऱ्यावर पांढऱ्या धोतरातले भटजी. चेहरा दिसावा म्हणून एक्स्पोजर वाढवलं, म्हणजे कॅमेऱ्यात जास्त उजेड घेतला, तर धोतराचा नुसता पांढरा फटका, धोतर सांभाळलं तर भटजींचं तोंड गायब. उजेड चेहऱ्यावर परतवायला थर्माकोल धरून पोरगा उभा केला तर तो आजीच्या वाटेत. आणि माझ्याकडे डिजिटल, चूक लगेच पडद्यावर दिसत होती. रामचंद्रांच्या वेळी निगेटिव्ह लॅबमधून धुऊन येईपर्यंत काय उमटलंय ते कळायची सोय नव्हती. 'घटश्राद्ध'मध्ये हीच धोतरं, हीच अंधारी घरं आहेत, वर रात्रीचं रानही आहे. तरी धोतराच्या चुण्या मोजून घ्या. आणि अंधार खराखुरा अंधार वाटतो. शेवटी मुंडन केलेली यमुना पिंपळाखाली एकटी बसलेली दिसते. तिथे कॅमेरा काही कौशल्य दाखवत नाही, म्हणूनच तो शॉट अंगावर येतो.

त्याआधी त्यांनी ब. व. कारंतांचा 'चोमन दुडी' (१९७५) केला होता, तोही सुवर्णकमळाचा मानकरी. गंमत म्हणजे राष्ट्रीय पुरस्कार मात्र त्यांना रंगीत छायाचित्रणाचा मिळाला, 'ऋष्यशृंग'साठी. आणि त्यानंतर 'घटश्राद्ध' पुन्हा कृष्णधवल! पुढे २००८ मध्ये कासरवल्लींच्याच 'गुलाबी टॉकीज'मध्ये किनाऱ्यावरची कोळ्यांची वस्ती त्यांनी टिपली. तोही बघा, पण मला विचाराल तर 'घटश्राद्ध'च्या पासंगाला नाही.

एक घोटाळा टाळा. कासरवल्लींच्या 'द्वीप'चे छायाचित्रकार एच. एम. रामचंद्र, त्यासाठी त्यांनाही राष्ट्रीय पुरस्कार आहे. ते वेगळे. नेटवर दोघांची कामं सर्रास एकमेकांच्या खात्यावर टाकलेली दिसतात.

'घटश्राद्ध'ची मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होती. तिच्यावरून मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने इतरांच्या साथीने नवी प्रत करून घेतली, ती २०२४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली. कुठे लागली तर तीच गाठा. यूट्यूबवरच्या धुरकट प्रतीत धोतर आणि भिंत एकच दिसतं.