घराभोवतीचा खचलेला काँक्रीटचा पट्टा

प्रश्न : घराच्या मागील बाजूचा काँक्रीटचा पट्टा दोन-तीन बोटे खचला असून पावसाचे पाणी भिंतीकडे वाहते. वरून सिमेंटचा थर देऊन उतार काढता येईल का?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : तसे करू नये. पातळ थर जुन्या काँक्रीटला नीट धरत नाही आणि खालची पोकळी तशीच राहते. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. छपराच्या टिनावरून पडणारे पाणी एकाच जागी मुरत असेल, तर पट्टा तेथेच अधिक खचतो. म्हणून आधी पन्हाळ लावून ते पाणी दूर न्यावे. हा खर्च टाळून केलेली कोणतीही दुरुस्ती, माझ्या मते, वाया जाते.

पट्टा अखंड असल्यास त्याला छिद्रे पाडून खाली सिमेंट-मातीचा पातळ गिलावा यंत्राने दाबाने भरून तो उचलता येतो, परंतु खेड्यात असे यंत्र सहसा मिळत नाही. तडे गेलेला पट्टा फोडणेच बरे. दिवाळीनंतर, माती फार ओली वा फार कोरडी नसताना, दीड-दोन फूट काळी माती काढून मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून धुमसाने ठोकून भरावा. नव्या काँक्रीटला भिंतीपासून बाहेर दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार द्यावा. भिंतीलगतची फट मात्र सिमेंटने न बुजवता डांबराने भरावी, म्हणजे पट्टा हलला तरी पाणी पायाकडे जाणार नाही.